ओसंडू नये म्हणून

घोंगडी दुहेरी करून जमिनीवर अंथरायची. तिच्यावर काच. जिथं भोक हवं तिथं लांबीचं, काच बसवायच्या त्या मऊ लगद्याचं, आळं करायचं, तुळशीच्या मुळाशी करतात तसं, वाटीच्या तोंडाएवढं. आळ्यात पाणी आणि चिमूटभर कुरुंदाची, म्हणजे धार लावायच्या कठीण दगडाची, पूड. मग हातड्रिलला बसवलेली तांब्याची नळी त्या पाण्यात उभी धरायची आणि फिरवायची. दाबायची नाही. नळीला टोक नसतं, धार नसते. ती नुसती फिरते आणि तिच्या तोंडाखालची पूड काच खात जाते.

हे जमेपर्यंत शिवदासनं पुष्कळ काचा फोडल्या. कुर्ल्याच्या एका आरसेवाल्यानं त्याला कृती दाखवली होती, पण कृती दाखवता येते, चाल दाखवता येत नाही. शिवदासचा हात साच्याच्या, म्हणजे गिरणीतल्या मागाच्या, वेगाचा. गिरणीत उभ्या जन्मात त्यानं जे केलं ते घाईत केलं. तो ड्रिल फिरवू लागला की काच तापायची आणि भोक पुरं व्हायच्या आत एक बारीक रेघ कोपऱ्याकडे पळत जायची. तेवढीच. मग टक् असा आवाज.

"अहो, जात्यासारखं फिरवा," एकदा वनमाला म्हणाली. "जातं कोणी असं फिरवतं? पीठ भाजून निघेल."

"मग तू गा," तो चिडून म्हणाला.

तिनं खरंच गायलं. वेंगुर्ल्याकडच्या घरी आईच्या मांडीला मांडी लावून ती जात्याला बसलेली होती. ओवी कुठं उचलायची आणि कुठं टाकायची, ते तिच्या दंडाला ठाऊक होतं. ती समोर बसली, तांब्यातून आळ्यात थेंब थेंब पाणी सोडत, आणि जुन्या चालीवर तिनं तिथल्या तिथं शब्द बसवले:

काचेच्या घरात, पाणी कोंडलं गे बाई
भिंतीला डोळा देते, वाट दाखव गे आई

ओवी संपली की शिवदासनं नळी उचलायची. नळीखाली ताजं पाणी शिरू द्यायचं. दुसरी ओवी, पुन्हा फिरवायचं. अर्धी काच खाल्ली की ती उलटी करायची आणि पाठीकडून सुरुवात, म्हणजे कडा उडत नाहीत. शेवटी नळीला हलका हिसका बसला आणि काचेची गोल टिकली घोंगडीवर पडली. शिवदासनं भोकात बोट घातलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही.

त्या दिवशी वनमालेला आपला नवरा परत मिळाला.

गिरणीचा संप सुरू झाला त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. संप मिटला असं कुणी सांगितलं नव्हतं आणि गिरणी सुरू झाली असंही नव्हतं. घाटकोपरच्या भटवाडीतल्या दुमजली चाळीत, वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत शिवदास परब हात मांडीवर ठेवून बसून असायचा. तो कधी ओरडला नाही, प्याला नाही. नुसते हात मांडीवर. वनमाला भाजी चिरता चिरता त्या हातांकडे बघायची आणि मान फिरवायची. मग कुणीतरी बरणीत दोन गप्पी मासे आणून दिले. बरणीची टाकी झाली, टाकीच्या टाक्या झाल्या. अंधेरीच्या एका दुकानदाराला तो मासे पुरवू लागला.

माशांना ताजं पाणी लागतं. शिवदास रबरी नळी तोंडानं ओढून जुनं पाणी काढायचा, तांब्यानं नवं ओतायचा, आणि त्या खटाटोपात एक दिवस बादली कलंडली. चाळीची जमीन म्हणजे फळ्या आणि फळ्यांवर शहाबादी. पाणी फटींतून खाली दादू कांबळ्यांच्या खोलीत टपकलं.

चाळकमिटी जमली. "परब, टाक्या हलवा. आज पाणी आलं, उद्या माळा येईल खाली," असं एकजण म्हणाला. शेजारच्या सुगंधाकाकूंनी मान हलवली. तेव्हा खालून दादूची बायको चंपा पदर खोचत आली. तिचं माहेर फलटणकडचं, आवाज शेतातून हाक मारल्यासारखा.

"पाणी कुणाच्या घरात पडलं?"

"तुझ्याच की."

"टोप कुणी लावला? मी. जमीन कुणी पुसली? मी. मग तक्रार मी करीन. तुमची अंथरुणं कोरडी हायेत ना? जावा, झोपा."

मंडळी हसत पांगली. चंपा वर आली आणि वनमालेच्या पाठीत एक गुद्दा घालून म्हणाली, "वने, पण आता परत पडलं ना, तर मी तुझ्या घरी येऊन झोपीन. आणि मी घोरते, सांगून ठेवते."

वनमालेला चाळीत चंपाएवढं जवळचं कुणी नव्हतं. दोघींच्या घरच्या किल्ल्या एकमेकींकडे असत. चंपा विक्रोळीला औषधाच्या गोळ्या पाकिटात भरायच्या कारखान्यात जायची, येताना वनमालेसाठी गजरा आणायची. वनमाला माशाचं कालवण केलं की वाटी खाली द्यायची, आणि भरलेली वाटी वर यायची. वनमालेच्या जावेनं एकदा नाक मुरडलं, "त्यांच्यातलं जेवतेस तू?" तर वनमाला म्हणाली, "जेवते काय, मागून घेते."

अशा घरावर पुन्हा पाणी पडू नये म्हणून शिवदास काचेला भोक पाडायला शिकला होता.

युक्ती सोपी होती. माळ्यावर पाण्याचं पिंप. त्यातून सलाईनची नळी खाली टाकीत सोडलेली, चाकी फिरवून धार सुतासारखी बारीक केलेली. टाकीच्या मागच्या काचेत, काठापासून चार बोटं खाली, भोक. भोकात वॉशर लावून बसवलेला पाईप, तो थेट मोरीत. नवं पाणी येत राहणार, वरचं पाणी आपोआप भोकातून जाणार, आणि घरात कुणी असो नसो, टाकी काही भरून वाहणार नाही.

अंधेरीचे जयवंत, ज्यांना तो मासे द्यायचा, ते एकदा बघायला आले. त्यांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. कुठं टोचलं नाही.

"शिवदास, मी नवं दुकान मांडतोय. भिंतभर टाक्या. दरवेळी पोरं पाणी बदलतात आणि गिऱ्हाईक चिखलात उभं. हे झकास आहे यार."

"चालू ठेवून बघा आधी."

"तेच म्हणतो. पुढच्या रविवारी येतो. तोवर एक थेंब सांडला नाही, तर माझ्या सगळ्या टाक्यांची भोकं तुझ्या हातची. आणि मी एकटाच नाही, बोरिवलीचा माझा मेहुणा आहे, मुलुंडला दोस्त आहे. काम पुरवून पुरवून दमशील."

ते गेल्यावर शिवदासनं ड्रिलला तेल घातलं, तांब्याची नळी राखेनं घासून चकचकीत केली. मग उगाचच नखं कापली. वनमाला स्टोव्हपाशी बसून हे बघत होती. माणसाला आपले हात परत आवडू लागले की तो नखं कापतो, असं तिला वाटलं आणि हसूच आलं.

चार दिवस पाणी गुमान मोरीत गेलं. पाचव्या दिवशी एका मासळीनं पिल्लं घातली.

गप्पीची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. जिऱ्याएवढी पिल्लं, नुसते डोळे आणि शेपटी. ती वर वर तरंगतात, आणि वरचं पाणी तर भोकाकडे जातं. वनमाला मोरीत भांडी घासायला बसली तेव्हा तिला राखेत दोन ठिपके चमकताना दिसले. तिनं बोटावर उचलून घेतले. मेलेले होते. ती उठून टाकीपाशी गेली तर तिसरं पिल्लू पाण्याच्या ओढीला लागलं होतं. उलट पोहायची धडपड करत होतं बिचारं. बघता बघता भोकात गेलं.

"अहो, पिल्लं जातात तुमच्या भोकातून."

शिवदास बाहेर निघाला होता. अंधेरीला जयवंतांकडे टाक्यांची मापं घ्यायची होती. "फणीचा तुकडा चिकटवतो तिथं, दात वर करून. पाणी जाईल, पिल्लं अडतील. आज येताना फणी आणतो. तोवर हात लावू नको गो. तोंड मोकळं राहू दे."

"होय," ती म्हणाली.

दुपारी तिला चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जायचं होतं, समोरच्या चाळीत. लुगडं नेसून झालं. निघता निघता ती टाकीपाशी थांबली. आणखी एक पिल्लू भोकाच्या तोंडाशी गरगर फिरत होतं.

चाळीत कुठल्याही नळाकडे बघा, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं असतं. गढूळ पाणी येवो की किडा येवो, फडकं अडवतं. वनमालेनं लग्न होऊन मुंबईत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूच्या हातून शिकलेलं पहिलं काम ते होतं, जुन्या धोतराचा तुकडा नळाला बांधणं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. तिनं फडताळातून धोतराचा मऊ तुकडा काढला, टाकीत हात घातला आणि भोकातून आत आलेल्या पाईपच्या तोंडावर फडकं ताणून दोऱ्यानं तीन वेढे दिले. पाणी फडक्यातून झिरपत गेलं. पिल्लू फडक्याला थडकलं, वळलं आणि टाकीतल्या वेलीच्या पानाआड गेलं.

"रहा आता घरात," ती त्याला म्हणाली, आणि कुलूप लावून गेली.

माशांच्या टाकीतलं पाणी नळाच्या पाण्यासारखं नसतं. त्यात खाण्याचा भुगा असतो, शेवाळाचा चिकटा असतो. फडकं फुगलं, चिकटलं, चामड्यासारखं झालं. आणि पिंप माळ्यावर भरलेलं होतं. सलाईनची सुताएवढी धार आपल्या इमानानं चालूच राहिली.

वनमाला परत आली ती ओटीत भिजवलेले हरभरे आणि मोगऱ्याचं फूल घेऊन. गॅलरीत पाणी आलं होतं. खोलीचं दार उघडं होतं. शिवदास तिच्या आधी पोचला होता. तो टाकीपाशी वाकून उभा होता, कोपरापर्यंत हात पाण्यात. हात बाहेर आला तेव्हा मुठीत धोतराचा तुकडा होता. दोरा लोंबत होता. मुठीतून पाणी गळत होतं.

त्यानं तिच्याकडे बघितलं फक्त. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढं कितीदा तरी वाटलं.

खालून थेंबांचा आवाज येत होता. टप्, टप्, आणि मध्येच एक वेगळाच, लाकडावरचा.

"पेटी," वनमाला म्हणाली आणि चंपाच्या घराची किल्ली घेऊन जिन्यावरून धावली.

दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती होती. दादू टेलिफोन खात्यात होता, पण त्याची ओळख त्याच्या गायनपार्टीमुळे. जयंतीच्या रात्री भटवाडीत त्याचा आवाज ऐकायला लांबून माणसं येत. कालच त्यानं पेटी सुरात लावून आणली होती आणि चादर घालून खोलीच्या मधोमध ठेवली होती, पोरांच्या पायाखाली यायला नको म्हणून कोपऱ्यात न ठेवता मधोमध. वरून पाणी नेमकं तिथं उतरलं होतं. वनमालेनं चादर उचलली तर ती धुणं उचलल्यासारखी जड लागली.

चंपा कारखान्यातून आली, दादू आला, गायनपार्टीची तिघंचौघं आली. दादूनं भाता ओढला. आतून पाणी सांडलं. पट्टी दाबली तर डबक्यात बसलेल्या म्हशीनं उसासा टाकावा तसा काहीतरी आवाज आला.

"वाट लागली," ढोलकीवाला म्हणाला.

तेवढ्यात वर गॅलरीत सुगंधाकाकू कुणाला तरी म्हणत होत्या, "बरं झालं बाई, उद्या कानांना जरा आराम." त्यांना वाटलं खाली ऐकू जाणार नाही.

खाली सगळ्यांना ऐकू गेलं. ढोलकीवाल्यानं मान वर केली. "बघा की. नेमकं आजच. आदल्या दिवशी. मुद्दाम तर नाय ना केलं?"

"गप रे," दादू म्हणाला.

"गप काय? इतके दिवस टाकी वाहिली नाय, आजच कशी वाहिली?"

शिवदास दाराशी उभा होता. पँटच्या खिशाशी ओला डाग पसरत चालला होता. फडकं खिशात होतं. वनमाला त्याच्यामागे, तोंडात शब्द आलेला, अहो फडकं मी बांधलं, मेली मी, पिल्लं वाचावी म्हणून बांधलं. शब्द जिभेवर आला आणि शिवदास बोलला.

"भोक लहान पडलं. माझ्या हातची चूक. पाणी पास झालं नाही."

चूक म्हटल्यावर भांडण करायला काही उरत नाही.

"होतं भावजी," चंपा म्हणाली. तिचा आवाज चिरल्यासारखा येत होता, पण म्हणाली. "तुम्ही काय जाणून केलंय? अहो, बघता काय, आतलं फडकं आणा, पेटी पुसू."

वर आल्यावर वनमाला रडायला लागली. शिवदास खिशातलं फडकं काढून मोरीत पिळत होता.

"मला सांगू दे तिला."

"काय सांगशील? बांधलं म्हणून?" तो हळू आवाजात म्हणाला. "भोक चुकलं तर ती चूक गो. फडकं म्हणजे हातानं बांधलेलं. दोऱ्यानं गाठ मारलेलं. जयंतीच्या आदल्या दिवशी, वरच्या बाईनं. ऐकलंस ना तो काय म्हणाला ते? उद्या अख्खी वाडी म्हणेल. आणि चंपा..." तो थांबला. "चंपाला तरी काय वाटेल, सांग."

"चंपा नाही तसं मनात आणणार."

"नाही आणणार. पण आणलं तर?"

त्या "तर"पाशी वनमाला अडली. चंपा दुरावली तर चाळीत मागे उरणार कोण, जिला नुसती हाक मारता येईल? ती गप्प बसली. आपण काय करतोय ते तिला त्याच क्षणी कळत होतं.

जयंतीला दादू पेटीशिवाय गायला. ढोलकी, टाळ आणि उघडा गळा. आधाराला सूर नसला की आवाजाला जी भेग पडते ती त्याच्या आवाजाला दोनदा पडली. लोकांना ती भक्ती वाटली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. वनमाला मांडवाच्या कडेला उभी होती. तिला भेग कशाची ते माहीत होतं.

रविवारी जयवंत आले. जिना चढतानाच सुगंधाकाकूंनी त्यांना गाठलं. "त्या टाकीसाठी का? परवा पूर आला होता हो, खालच्यांची पेटी वाहून गेली."

जयवंत खोलीत आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. चंपा वरच बसली होती, तांदूळ निवडत. शिवदासनं खुर्ची पुसून दिली.

"काय झालं रे?"

"भोक लहान पडलं," शिवदास म्हणाला. तेच शब्द, त्याच क्रमानं.

"पण मी बघितलं होतं. पाणी व्यवस्थित जात होतं."

"तेव्हा जात होतं."

"अहो शेठ," चंपा मध्येच म्हणाली, "नुकसान माझं झालंय आणि मी सांगते, ह्या माणसाच्या हातासारखा हात नाय. एकदा चुकला. दुसरं भोक जरा मोठं पाडील. काय भावजी?"

वनमाला स्टोव्हपाशी चहा गाळत होती. चंपाचा एक एक शब्द तिच्या पाठीवर पडत होता. नवऱ्याच्या हातांना एवढं भांडून जपणारी ही बाई, आणि आपण हिच्यापासून काय लपवतोय? ती वळली. गाळणं हातातच होतं.

"जयवंतभाऊ, ऐका. त्या दिवशी ते फड..."

"वनमाले," शिवदास म्हणाला. "साखर कमी आहे. खालून चंपाच्या डब्यातून आण जा."

साखर कमी नव्हती. त्यानं अजून चहा तोंडालाही लावला नव्हता. त्याचा आवाज विनवणीचा होता, त्यांच्या संसारात तो आवाज तिनं फार कमी वेळा ऐकला होता. ती वाटी घेऊन जिना उतरली. चंपाच्या खोलीत आढ्याला पाण्याचा मोठा पिवळा डाग पडला होता. डब्यातून साखर घेताना थोडी सांडली, ती पदरानं गोळा करत बसली. खरं तर वेळ काढत होती. परत आली तेव्हा जयवंत उठले होते.

"तसं नाही रे शिवदास. तुझ्यावर माझा भरवसा आहे. पण दुकान नवं आहे, खाली कापडाचं गोदाम आहे. एक टाकी वाहिली तर मी संपलो. तूच सांग, परत नाही होणार असं?"

शिवदास टाकीकडे बघत होता. पाणी भोकातून झुळझुळ जात होतं. काठ कोरडा होता. त्याच्या भोकात खोट नाही हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

"नाही सांगता येणार," तो म्हणाला.

आपल्याच हातावर त्यानं तो ठपका ठेवला, आणि वनमाला साखरेची वाटी धरून उभी राहिली.

टाक्या पावसाळ्याआधी विकल्या. शिवदास जुहूला एका हॉटेलात वॉचमन म्हणून लागला, संध्याकाळी जायचा, सकाळी यायचा. जयवंतांच्या दुकानात भोकं पाडायला भायखळ्याहून दुसरा कुणी आला, पुढं त्यांनी मशीनच आणलं. वनमालेनं ड्रिल एकदा साफ करून त्याच्यासमोर ठेवलं होतं. त्यानं ते गुंडाळून माळ्यावर टाकलं. "गिरणीत चुकलेल्याला साचा परत मिळत नाही," एवढंच म्हणाला, पण तो गिरणीबद्दल बोलत नव्हता.

चंपा येत होती, हसत होती, गजरा आणत होती. वनमालेलाच तो केसांत जड व्हायचा. वाटी खाली जायची आणि भरलेली वर यायची, आणि दरवेळी वनमालेला वाटायचं, आज सांगते.

सांगितलं ते दिवाळीच्या आधी, दोघी चकलीची भाजणी भाजत बसल्या होत्या तेव्हा. काही ठरवलं नव्हतं. धूर डोळ्यांत गेला, पाणी आलं, आणि त्या पाण्याबरोबर सगळं आलं. पिल्लं, फडकं, तीन वेढे, खिसा. चंपा कालथा हलवत ऐकत होती. भाजणी करपायला आली तेव्हा तिनं कढई उतरवली.



"पेटीचं म्हणशील तर," ती मग म्हणाली, "ती झाली दुरुस्त. एक सूर गेलाय, चालतंय तेवढं. पेटीला पेटी मिळंल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पण वने, तुम्ही दोघं नवराबायको रात्री बसून ठरवलं, की चंपाला सांगितलं तर चंपा म्हणंल, वरच्यांनी मुद्दाम केलं. असंच ना?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? सगळी वाडी म्हणाली असती, म्हणू दे. मी उभी राहिले असते ना मधे. तुझ्या टाक्यांसाठी नव्हते राहिले?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. "भावजींनी सोन्यासारखा हात टाकून दिला. कुणापासून वाचवायला? माझ्यापासून?"

चंपानं भाजणीचा डबा भरला, निम्मी भाजणी वनमालेच्या पातेल्यात काढून दिली, नेहमीसारखी, एक मूठ जास्तच. मग उठून खाली गेली. जाताना पाठीत गुद्दा घातला नाही.

संध्याकाळी शिवदास गणवेश चढवत होता. वनमालेनं त्याला सांगितलं, चंपाचे शब्द होते तसेच, एकही मऊ न करता. तो बटण लावता लावता खाटेवर बसला. मांडीवर हात ठेवले.

"माझ्यापासून, असं म्हणाली?"

"हो."

"त्या दिवशी काच नाही चुकली, भोक नाही चुकलं," तो म्हणाला. "ती कोण आहे ह्याचं माप मी चुकलो गो."

"मी पण."

उशीर होत होता. त्यानं टोपी घेतली आणि जिना उतरला. वनमाला गॅलरीच्या कठड्याशी आली. खाली दादूच्या दारात पुष्कळ चपला होत्या, गायनपार्टी सरावाला जमली होती. पेटी वाजत होती आणि एका ठिकाणी येऊन दरवेळी सूर गाळून पुढं जात होती. शिवदास दाराशी थांबला. त्यानं टोपी काढली, हात कडीकडे नेला. आत गाणं चालू होतं. मध्येच कसं थांबवायचं माणसांना? तो उभा राहिला. पुन्हा तो सूर आला आणि गेला.

चंपा बाहेर आली असती तर तिला तो दिसला असता. ती आली नाही. गाणं संपेना. शिवदासनं टोपी डोक्यावर ठेवली, आणि चपलांच्या रांगेला वळसा घालून, कुणाची चप्पल पायाखाली येणार नाही असं जपत, तो स्टेशनच्या वाटेला लागला.